‘दाऊ’ म्हणजे तू, आपण नव्हे

शेक्सपियरच्या नाटकांतल्या ‘दाऊ’चं (thou, ‘यू’ऐवजी वापरलं जाणारं सर्वनाम) मराठीत ‘आपण’ करावं का, आणि त्याचीच रूपं असलेल्या ‘दाय’ (thy) व ‘दाइन’ (thine) यांत फरक काय, असा प्रश्न आला आहे.

‘आपण’ अजिबात करू नका. हा घोळ इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो. 1611 च्या बायबलात देवाला ‘दाऊ’ म्हटलंय, म्हणून तो आदरार्थी, असं इंग्रजी शिकवणारेही सांगतात. अहो, वारकरी विठोबाला काय म्हणतो? तूच ना! जवळचा म्हणून तू. पुढे हा शब्द बोलण्यातून गेला, प्रार्थनेत तेवढा उरला आणि लोकांनी त्याला सोवळं नेसवलं.

मुळात हा आपलाच ‘तू’. जुन्या इंग्रजीत ‘थू’, लॅटिनमध्ये ‘तू’, संस्कृतात ‘त्वम्’. या सगळ्यांच्या आदिभाषेतला त संस्कृतानं जपला, इंग्रजीच्या घराण्यात त्याचा थ झाला. आपलं त्रि ते तिकडचं थ्री, तनु ते थिन, तृष्णा ते थर्स्ट! ‘थू’मधला थ पुढे मऊ पडून द झाला, एवढंच. हे कळल्यापासून मला ‘दाऊ’ परका वाटतच नाही.

आणि त्याचं क्रियापदही होतं: एखाद्याला अरे-तुरे करणं. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी सर अँड्र्यूला द्वंद्वाचं आव्हान लिहायला बसवतो आणि सांगतो, त्याला तीनेकदा ‘दाऊ’ केलंस तरी वावगं नाही. 1603 मध्ये दर्यावर्दी वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कुक भर न्यायालयात असाच एकेरीवर आला. शेक्सपियरचा अठराव्या शतकातला संपादक थिओबॉल्ड म्हणतो, नाटकातलं वाक्य हा कुकलाच मारलेला टोमणा. कसं शक्य आहे? नाटक फेब्रुवारी 1602 मध्ये लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेत होऊन गेलं होतं, खटला त्यानंतर पावणेदोन वर्षांनी! माझ्या मते शेक्सपियर आणि कुक दोघांनीही ही अरेरावी रस्त्यावरच ऐकलेली होती.

‘तू’चं खरं मोल ‘हॅम्लेट’मध्ये दिसतं. आई म्हणते, हॅम्लेट, तू वडिलांना (म्हणजे तिच्या नव्या नवऱ्याला) फार दुखावलंस. तो म्हणतो, आई, तुम्ही माझ्या वडिलांना (म्हणजे वारलेल्या सख्ख्या बापाला) फार दुखावलंत. लगेच तीही ‘तुम्ही’वर येते. आपल्याकडे आई चिडली की लेकाला ‘तुम्ही फार शहाणे’ म्हणते ना, तोच हा ‘तुम्ही’. इथे सरसकट ‘आपण’ केलंत तर मायलेकांचं भांडणच पुसलं जाईल. मराठी भाषांतरकाराच्या हातात तू आणि तुम्ही दोन्ही आयते आहेत, ते वापरायला हवेत.

राहिलं ‘दाय’ आणि ‘दाइन’. व्यंजनापुढे ‘दाय’, स्वरापुढे बहुधा ‘दाइन’, पुढे नामच नसेल तर ‘दाइन’च. मराठीत दोन्हींचं ‘तुझं’.