ग्राफ झकास आहे, पण उंदीर जेवले का?

अगं, तुझा मेल काल रात्री उघडला. डायबेटीस केलेल्या उंदरांना तू पानांचा अर्क दिलास, चार आठवड्यांत त्यांची उपाशीपोटीची साखर ३८० वरून १४०, आणि खाली तू लिहिलंयस "औषध सापडलं!". ग्राफ झकास आहे, पण त्या उद्गारचिन्हाला जरा थांबव आणि मला आधी एवढंच सांग, या चार आठवड्यांत त्या उंदरांनी खाल्लं किती?

हसू नकोस. माझ्या पहिल्याच प्रयोगात असाच सरळ खाली उतरणारा ग्राफ आला होता आणि मी पोस्टर करायला घेतलं होतं. पिंजरे साफ करणारे काका एकदा सहज बोलून गेले, की अर्कवाल्या तीन पिंजऱ्यांतलं खाणं रोज तसंच पडून असतं. अर्क नळीने थेट पोटात जात होता म्हणजे चवीचा प्रश्न नव्हता, पण पोट बिघडत होतं बहुतेक. मग काट्यावर उरलेलं खाणं मोजायला लागलो तर निम्मंसुद्धा संपत नव्हतं! पुढच्या वेळी एक जादा ग्रुप ठेवला, अर्क नाही, फक्त तेवढंच मोजून खाणं, आणि त्यांचीही साखर जवळपास तेवढीच उतरली. म्हणजे मी वनस्पती तपासत नव्हतो, उपास तपासत होतो.

तुझ्या रिपोर्टमध्ये शेवटच्या पानावर वजनाचा तक्ता आहे, तो तू पाठवलास पण बघितला नाहीस असं वाटतं. एसटीझेड (स्ट्रेप्टोझोटोसिन, ज्याने उंदरांत डायबेटीस घडवतात) दिलेला उंदीर वाळत जातो, आणि डायबेटीस खरंच सुधारला तर वजन परत भरायला लागतं. तुझ्या अर्कवाल्या ग्रुपचं वजन नुसत्या डायबेटीसवाल्यांपेक्षाही खाली गेलंय. मला तिथेच शंका आली.

दुसरं, अर्क कधी सुरू केलास ते कुठेच लिहिलेलं नाही. एसटीझेड हे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरचं विष आहे. अर्क आधीपासून किंवा त्याच दिवसापासून दिला असशील तर विषापासून थोडा बचाव झाला एवढंच कळतं, कारण बऱ्याच वनस्पती अँटिऑक्सिडंट असतातच. आजार पक्का झाल्यावर, चांगले दोन-तीन दिवस साखर बघून, ज्यांची खरंच वाढलीय तेच उंदीर घेऊन मग सुरू करायचं. आणि टाइप २ चा दावा करायचा असेल तर नुसतं एसटीझेड पुरत नाही, त्यात इन्सुलिनच संपतं. टाइप २ मध्ये सुरुवातीला इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही. जास्त चरबीचं खाणं आणि कमी डोसचं एसटीझेड हे मॉडेल त्याला जवळचं आहे.

डोसचा हिशोब कागदावर कर, मजा येते. उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम, उंदराचा डोस माणसाला लावताना ६.२ ने भागायचं, म्हणजे किलोमागे साधारण ८० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ५ ग्रॅम कोरडा अर्क. तुझा अर्क १० टक्के निघतो म्हणालीस, म्हणजे रोज ५० ग्रॅम वाळलेली पानं, आयुष्यभर. हा डोस असा आहे की मी तरी कुणाला देणार नाही.

पानं कुठून आणलीस? पावडर विकत घेतली असशील तर थांब, तयार हर्बल गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे, मग वनस्पतीची स्तुती करत बसशील आणि काम दुसऱ्याच गोळीचं असेल. फांदी दाबून वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा कर, नंबर घे, नाहीतर उद्या दुसरा कोणी तुझाच प्रयोग करेल आणि वेगळंच झुडूप वापरेल.

डायबेटीसची मेटफॉर्मिन गोळीही झाडातूनच आली असं उदाहरण तू दिलंस, ते खरंय, पण अर्धंच. गॅलेगा नावाच्या झुडपात गॅलेगिन असतं, ते साखर उतरवतं आणि विषारीही आहे, ती झाडं खाऊन मेंढ्या मेल्यात. मेटफॉर्मिन हा त्याच घराण्यातला पण प्रयोगशाळेत बनवलेला रेणू, १९२२ मध्ये बनला, १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचं काम छापलं, आणि अमेरिकेत मंजुरी १९९४ ला. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं, साखर उतरवणारंच, फ्लोरिझिन तर १८३५ चं, पण ते तोंडाने घेतलं की आतड्यातच तुटतं, म्हणून त्यावरून नवे रेणू घडवावे लागले, आणि त्यातलं कॅनाग्लिफ्लोझिन अमेरिकेत मंजूर झालं २०१३ मध्ये. दोन्हीकडे झाडाने दिशा दाखवली, गोळी झाडाची नाही.

आणि एक, तुझ्या नातेवाईकांनी विचारलं ना "घेऊन बघू का", त्यांना सरळ नाही म्हण. चालू गोळ्यांवर अर्क घेतला आणि तो खरंच काम करत असेल तर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो, आणि कोणी इन्सुलिन बंद करून पाला खाल्ला तर त्याहून वाईट.

आज संध्याकाळपासून प्रत्येक पिंजऱ्यातलं उरलेलं खाणं मोजायला लाग, एक ग्रुप मोजून खाणाऱ्यांचा ठेव, आणि पहिल्या दहा दिवसांचे वजनाचे आकडे मला पाठव. ग्राफ नको, नुसते आकडे.