ट्रकचं लायसन्स रिन्यू करताना मेडिकलमध्ये काय तपासतात? शुगर असलेला ड्रायव्हर नापास होतो का?

शुगर आहे एवढ्यावरून कोणी नापास होत नाही आणि चष्मा लागला म्हणून तर मुळीच नाही. तुम्ही लिहिलंय की वडील ५२ वर्षांचे आहेत, ट्रक चालवतात, चार वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे, हल्ली रात्री समोरच्या गाडीचा डिपर डोळ्यांवर आला की त्रास होतो, आणि एजंट म्हणतो, ‘त्यांना आणायची गरजच नाही, फोटो द्या, पाचशेत सर्टिफिकेट होईल.’ यातली शुगरपेक्षा मला एजंटची आणि डिपरची गोष्ट जास्त खटकली.

मी डॉक्टर आहे. दवाखाना कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ आहे, त्यामुळे ट्रक-ट्रेलरवाले हेच माझे रोजचे पेशंट आणि हे फॉर्म भरणं रोजचं काम.

कायद्याचा भाग फार मोठा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रान्सपोर्टचं, म्हणजे धंद्याची गाडी चालवायचं, लायसन्स काढताना आणि रिन्यू करताना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, वय कितीही असो. खासगी गाडीच्या रिन्यूअलला ते चाळिशीनंतर लागतं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पूर्वी तीन वर्षांचं असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं झालं. केमिकल, गॅस, पेट्रोल अशा धोकादायक मालाच्या टँकरवाल्यांना पूर्वी दरवर्षी यावं लागायचं, आता तीन वर्षांनी आणि सोबत एका दिवसाचा उजळणी वर्ग. हेलपाटे कमी झाले हे खरं, पण पन्नाशीतल्या शुगरवाल्या माणसाच्या डोळ्यांत पाच वर्षांत बरंच काही होऊन जातं. ही मुदत वाढवणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या डोळ्यांपेक्षा आरटीओच्या रांगेचा जास्त विचार केला, असं माझं मत आहे.

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, संपल्यावरही एक वर्षापर्यंत करता येतो. पण मुदत संपल्यानंतरचं हे वर्ष फक्त अर्जासाठी आहे. त्या काळात गाडी चालवली तर ते विनालायसन्सच धरतात. अनेक ड्रायव्हर इथेच फसतात.

आता मूळ प्रश्न, तपासतात काय. कागद दोन आहेत. फॉर्म १ म्हणजे अर्जदाराने स्वतःबद्दल दिलेलं निवेदन: फिट येते का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, रातांधळेपणा आहे का, हातापायात काही दोष आहे का वगैरे. फॉर्म १ए डॉक्टरने भरायचा. दूरची नजर कशी आहे, दोष असल्यास चष्म्याने सुधारलाय का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, रंग ओळखता येतात का, हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येतात का, हात, पाय आणि सांधे गाडी हाकण्याजोगे आहेत का. शेवटी डॉक्टर लिहून देतो की मी या माणसाला स्वतः तपासलं आहे, आणि फोटोवर अशी सही करतो की अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर येते. फोटो नंतर बदलता येऊ नये म्हणून ही युक्ती.

माझ्या दवाखान्यात २५ मीटर जागा नाही. मी आत तक्ता वाचून घेतो आणि मग पेशंटला पायरीवर उभं करून रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचायला लावतो, एकेक डोळा झाकून. एक डोळा झाकायला सांगितला की काहींचा चेहरा पडतो. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला असतो आणि त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं, कारण चांगला डोळा सांभाळून नेत असतो.

रंगांच्या बाबतीत नियम सैल झालाय. पूर्वी लाल-हिरवा ओळखता आला नाही की दार बंद. जून २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. आता सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स मिळू शकतं, तीव्र असेल तर नाही. कोणाला जुन्या नियमाने परत पाठवलं असेल तर पुन्हा अर्ज करायला हरकत नाही.

एवढं सगळं वाचल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल की फॉर्म १ए मध्ये शुगर, बीपी, ईसीजी यांचा रकानाच नाही. अमेरिकेत मोठे ट्रक चालवणाऱ्यांच्या मेडिकलला बीपी मोजतात, लघवीत साखर बघतात, आणि सर्टिफिकेट जास्तीत जास्त २४ महिन्यांचं देतात. आपल्याकडे रक्तगट लिहायला जागा आहे, तीही ऐच्छिक. त्यामुळे वडिलांची शुगर ३०० असली तरी हा कागद सुखाने पास होईल.

तरी शुगर या फॉर्ममध्ये मागच्या दाराने येतेच. फॉर्म १ मधला ‘अचानक चक्कर किंवा शुद्ध हरपणे’ हा प्रश्न फक्त फिटवाल्यांसाठी नाही. वडिलांची गोळी कोणती आहे ते आधी गोळ्यांच्या पाकिटावर वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फारच कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी गाडी चालवताना साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे धूसर होतं, डोकं चालेनासं होतं. ड्रायव्हर लोकांचं जेवण ढाब्यावर आणि ट्रॅफिकवर अवलंबून. सकाळी गोळी घेतली आणि घाटात तीन तास अडकले की हेच होतं. गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. पुष्कळ जण लांबच्या फेरीला निघताना आपल्या मनाने गोळी सोडून देतात आणि मग साखर दुसऱ्या टोकाला जाते. डॉक्टरला स्पष्ट सांगा की माणूस ट्रक चालवतो आणि जेवणाची वेळ ठरलेली नसते, ते औषध त्याप्रमाणे बदलून देतील. केबिनमध्ये ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवायची, आणि तसं वाटलं तर आधी गाडी कडेला घ्यायची, मग साखर खायची. क्रम उलटा करू नये.

दुसरं पायांचं. जुन्या शुगरमध्ये तळव्यांची संवेदना कमी होते, ब्रेकवर पाय किती दाबला हे पायाला नीट कळत नाही. मी फॉर्म भरताना शुगरवाल्यांचे बूट-मोजे काढायला लावतोच. कधी कधी तळव्याला जखम निघते आणि माणूस म्हणतो, ‘ही कधी झाली?’

आणि डिपरचा त्रास. ५२ व्या वर्षी त्याची दोन नेहमीची कारणं, सुरू झालेला मोतीबिंदू किंवा जुना झालेला चष्म्याचा नंबर. पण शुगर असल्यामुळे डोळ्याच्या आतला पडदाही (रेटिना) बघायलाच हवा. शुगरवाल्याने तो वर्षातून एकदा तपासून घ्यायचाच असतो, दिसायला काही त्रास नसला तरी. त्यासाठी डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतात, पुढचे काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. म्हणून त्या दिवशी वडिलांनी ट्रक घेऊन दवाखान्यात जाऊ नये. तुम्ही स्कूटरवर मागे बसवून न्या. आणखी एक, साखर खूप वर-खाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही हलतो. आधी काही आठवडे साखर आटोक्यात आणा, मग चष्मा करा, नाहीतर पैसे वाया जातात.

चष्म्याची लाज हा या धंद्यातला मोठा रोग आहे. चष्मा लावून गेलं तर मालक म्हातारा समजेल, म्हणून लोक तो घरी ठेवून येतात आणि मग तक्त्याच्या दुसऱ्या ओळीत अडकतात. फॉर्ममध्येच विचारलंय की दोष चष्म्याने सुधारलाय का. ‘हो’ लिहिलं की विषय संपला. फक्त मग गाडी चालवताना तो डोळ्यांवर असला पाहिजे, डॅशबोर्डवर नाही.

समजा खरोखरच काही निघालं, तर लगेच काही कायमचं जात नाही. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन करून, नजर स्थिर झाल्यावर पुन्हा तपासणीला यायचं. म्हणूनच मी म्हणतो, मुदत संपायच्या आठवड्यात नको, चार-पाच महिने आधी या. आरटीओने लायसन्स द्यायला किंवा रिन्यू करायला नकार दिला तर तो लेखी आदेशाने द्यावा लागतो आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. फिट येत असेल तर मात्र पळवाट शोधू नका. असा माणूस माझ्याकडे आला तर मी सही करत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. त्याला गॅरेजमध्ये, गोदामात दुसरं काम बघायला सांगतो, एकदोघांसाठी मालकाशी स्वतः बोललोही आहे.

आता तुमचा एजंट. त्याच्या पाचशेमध्ये तपासणी नाहीच, फक्त कोणाची तरी सही आहे. बऱ्याच ठिकाणी आता डॉक्टरच स्वतःच्या लॉगिनने सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर प्रमाणपत्र चढवतात, त्यामुळे आधीच्या मानाने हे प्रकार अवघड झालेत, बंद झालेले नाहीत. उद्या दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा लायसन्सच काढून बघतो, आणि न तपासलेला डोळा तेव्हा तुमच्या वडिलांना निस्तरावा लागतो. एजंट त्या दिवशी फोन उचलत नाही. कागदपत्रं भरायला एजंट घ्या हवं तर, मलाही ते पोर्टल धड जमत नाही, पण डॉक्टरसमोर माणूस स्वतः बसला पाहिजे. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा की आरटीओचं मेडिकल करता का आणि पोर्टलवर तुमची नोंद आहे का. सगळ्यांची नसते.

वडिलांची गाडी छोटी, म्हणजे पिकअप-टेम्पो असेल तर थोडं वेगळं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालतं, वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याची गरज नाही. तुम्ही ट्रक म्हटलंय, म्हणून मी मोठी गाडी धरून लिहिलं. छोटी असली तरी चाळिशी ओलांडल्यामुळे रिन्यूअलला फॉर्म १ए त्यांनाही लागेलच.

जाताना सोबत न्या: जुनं लायसन्स, आधार, फोटो, सध्याचा चष्मा, गोळ्यांचं पाकीट आणि गेल्या तीन महिन्यांतला एचबीए१सी चा (सरासरी साखर दाखवणारा) रिपोर्ट असेल तर तोही. रिपोर्ट फॉर्मसाठी लागत नाही, पण समोरचा डॉक्टर बरा असेल तर तो बघेल. गोळीचं नाव कमेंटमध्ये टाका, त्यात साखर उतरण्याची भीती किती ते सांगतो.