रिक्रूटरला चाळीस मेसेज टाकले, उत्तर शून्य

प्रश्न: ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहतो, बी.कॉम. झालंय, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत साडेचार वर्षं अकाउंट्स बघतोय, जीएसटी, टीडीएस, टॅली सगळं माझ्याकडेच. पगार काही हलत नाही म्हणून दोन महिन्यांत लिंक्डइनवर चाळीसेक रिक्रूटर्सना 'डियर सर/मॅडम, एनी सुटेबल ओपनिंग प्लीज लेट मी नो' असं लिहून सीव्ही पाठवला. एका मॅडमनी नुसता अंगठा पाठवला, बाकी शांतता. परत विचारायची लाज वाटते. काय चुकतंय माझं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: त्या अंगठ्याचं फार मनाला लावून घेऊ नका, अंधेरीला नऊ वर्षं मी रिक्रूटरचंच काम केलंय आणि असे अंगठे मीही भरपूर दाखवलेत. दोन्ही अर्थांनी.

रिक्रूटर तुमच्यासाठी नोकरी शोधत नसतो हो, तो कंपनीसाठी माणूस शोधत असतो. सकाळी त्याच्या डोक्यात चार-पाच जागा असतात, म्हणजे समजा 'ऐरोली, ३ ते ५ वर्षं, जीएसटी रिटर्न स्वतः भरलेला, महिन्याभरात जॉइन होणारा', आणि नौकरी डॉट कॉमवर सर्च करतानाही तो हेच शब्द टाकतो. तुमच्या मेसेजमध्ये यातला एकतरी शब्द आहे का? 'सुटेबल' म्हणजे नक्की काय ते त्याने सीव्ही डाउनलोड करून मोबाइलवर, डबा खाता खाता शोधायचं. कोण शोधतंय!

तर आधी माणूस नीट निवडा. चाळिसातले निम्मे आयटीची भरती करणारे असतील, त्यांनी मागे काय पोस्ट टाकल्यात ते दोन मिनिटं बघितलं की कळतं. अकाउंट्सच्या जागा भरणारे आठ-दहाच सापडले तरी चालतील. मग त्यांना साधारण असं लिहा (इंग्रजीत लिहिलंत तरी मजकूर हाच):

'नमस्कार मॅडम, ऐरोलीच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेची तुमची पोस्ट बघितली. साडेचार वर्षं अनुभव आहे, दर महिन्याचं जीएसटीआर-१ आणि ३बी मी स्वतः भरतो, टीडीएसही बघतो. राहायला डोंबिवली, नोटीस १ महिना. जागा अजून भरायची असेल तर सीव्ही पाठवू?'

बस. घरची परिस्थिती नको, 'हार्डवर्किंग' नको. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एक ओळ, त्यानंतर पंधरा दिवसांनी अजून एक, मग सोडून द्या. यात लाज कसली, मेसेज खाली जातात आणि माणूस विसरतो, मला तर दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांचीच नावं लक्षात राहायची.

फोन आला की पहिले तीन प्रश्न ठरलेले, करंट सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च), एक्स्पेक्टेड, नोटीस पीरियड. इथे हातात येणारा पगार आणि सीटीसी यांचा गोंधळ घालू नका, अपॉइंटमेंट लेटर काढून आकडा बघून ठेवा. आणि फुगवूनही सांगू नका, पुढे सॅलरी स्लिपा मागतातच. फोन नेमका सात वाजता तुम्ही लोकलमध्ये दाराशी लटकलेले असताना येणार, तेव्हा उचलून 'हॅलो हॅलो' करण्यापेक्षा उतरल्यावर 'ट्रेनमध्ये होतो, आत्ता करू का' असा मेसेज टाका, कोणी रागावत नाही. इंटरव्ह्यूची तारीख मात्र तुमच्या भरण्याच्या आणि रिटर्नच्या तारखा बघून मागा. ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, त्यामुळे २१ नंतरची मागितलीत तर निदान डोकं जागेवर असेल.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. बाहेरच्या कन्सल्टन्सीवाल्याला (म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देऊन त्यांच्याकडून फी घेणाऱ्याला) सीव्ही पुढे पाठवायची परवानगी देताना कंपनीचं नाव आधी विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा. माझ्याच वेळेला एका मुलाचा सीव्ही दोन कन्सल्टन्सींकडून एकाच कंपनीत गेला, फी कोणाची यावरून आमची भांडाभांडी झाली आणि एचआरने वैतागून तो सीव्हीच बाजूला ठेवला, मुलगा चांगला होता बिचारा. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही काय झालं ते.

प्रश्न: एक कन्सल्टंट रजिस्ट्रेशनचे २,५०० रुपये मागतोय, नोकरी लागल्यावर परत देतो म्हणतो. देऊ का?
– एक वाचक, विरार

उत्तर: नका देऊ. कन्सल्टंटला पैसे कंपनी देते, बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के म्हणजे जवळपास एका महिन्याचा पगार, मग त्याला तुमचे अडीच हजार कशाला हवेत? इंटरव्ह्यू न घेताच ऑफर लेटर पाठवून लॅपटॉपचं डिपॉझिट मागतात तोही हाच प्रकार. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर वाट बघत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा आणि ट्रान्झॅक्शनचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.