इन्सुलिनने भूक आवरते म्हणतात, मग मधुमेह्याला सतत भूक का लागते? मेंदूतल्या दाहाशी, म्हणजे तिथे येणाऱ्या सौम्य सुजेशी, याचा संबंध आहे का?

आहे. आमच्या घरात हे कुणाला ठाऊक असतं, तर फडताळाला कुलूप लागलं नसतं.

माझ्या आईला मधुमेह होता. रात्री सगळे झोपले की ती दिवा न लावता डब्यातली ज्वारीची भाकरी खायची. झाकणाचा आवाज नको म्हणून पदरात धरून उघडायची. थोरल्या भावाने एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. ‘आईचा जिभेवर ताबा नाही’ हे तो पाहुण्यांसमोरही बोलायचा. आई एवढंच म्हणायची, "अरे, जेवते रे, पण जेवल्यासारखं वाटत नाही." मीही तेव्हा गप्प बसले.

इन्सुलिन रक्तातून मेंदूत जातं. तिथे हायपोथॅलॅमस नावाचा भूक सांभाळणारा भाग असतो; त्यातल्या भूक चेतवणाऱ्या पेशींना ते शांत करतं. १९७९ साली बबून माकडांच्या मेंदूतल्या पोकळीत इन्सुलिन सोडलं, तेव्हा त्यांचं खाणं कमी झालं, वजनही उतरलं. पण तिथे दाह असेल, तर इन्सुलिन पोचूनही त्याचा निरोप पेशीच्या आत पुढे सरकत नाही. २००५ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी स्निग्ध खाण्यावर ठेवलेल्या उंदरांत हेच पाहिलं. पुढे २०१२ च्या अभ्यासात असा दाह अवघ्या तीन दिवसांत, वजन नीट वाढायच्याही आधी दिसला. दादा म्हणायचा, आधी हावरटपणा, मग आजार. इतकं सोपं ते नाही, हे त्याला मी आजही तोंडावर सांगते.

तुमच्या घरी कुणी मधुमेही असेल, तर डबे लपवू नका. तूप, डालडा, तळण सगळ्यांच्याच ताटातून कमी करा, एकट्याच्या नाही.

यातले बरेच प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्येही त्या भागात तशा खुणा दिसल्या आहेत, पण प्रत्येकाची भूक दाहामुळेच असते असं नाही. आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं: इन्सुलिनची सुई घेणाऱ्याला एकदम भूक लागून घाम फुटला, हात थरथरले, तर साखर उतरलेली असू शकते. लगेच ग्लुकोमीटरवर बघा, कमी असेल तर साखर द्या. डोस मनाने बदलू नका.

आमच्याकडे ग्लुकोमीटर नव्हता. आईच्या त्या रात्रींपैकी किती रात्री साखर उतरलेली होती, हे दादालाही सांगता यायचं नाही.