तक्रार नसलेला रुग्ण

चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंतराळवैद्यकात हाडांची झीज, डोळे, किरणोत्सर्ग यांपैकी कशावर काम करू, असं विचारतोस. कशावरही कर, पण आधी आपला रुग्ण, म्हणजे अंतराळवीर, ओळखून घे. तो धडधाकट असतो, हजारोंतून निवडलेला असतो आणि काही दुखलं तरी सांगायला कचरतो. डॉक्टरच्या एका शेऱ्याने उड्डाण हातचं जाऊ शकतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

नवखा असताना मी एका बेडरेस्ट प्रयोगात होतो. डोकं ६ अंश खाली ठेवून माणसांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचं. अंगातले द्रव डोक्याकडे सरकतात, हाडा-स्नायूंवरचा भार जातो आणि जमिनीवरच अंतराळाची बरीचशी नक्कल होते. एक स्वयंसेवक रोज सकाळी तक्त्यात 'वेदना' या शब्दापुढे शून्य लिहायचा. तिसऱ्या दिवशी रक्त घ्यायला गेलो, तर पलंगाची कड घट्ट धरून त्याची बोटं पांढरी पडली होती. पाठ इतकी दुखत होती की रात्रभर डोळा लागला नव्हता. "सांगितलं तर काढून टाकाल," एवढंच म्हणाला. ती शून्यं मी मुकाट्याने वहीत उतरवून घेतली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

कधी कधी तर शरीरच काही सांगत नाही. अंतराळ स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेची सोनोग्राफी निव्वळ संशोधनासाठी चालली होती. मोहिमेला दोनेक महिने झालेले, त्रास कसलाच नाही, आणि डाव्या कंठशिरेत रक्ताची गुठळी दिसली. वजनरहित अवस्थेत त्या शिरेतलं रक्त रेंगाळतं, काहींमध्ये चक्क उलटं वाहतं. रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं वर मोजकीच होती. ती पुरवून वापरली, पुढच्या मालवाहू यानातून गोळ्या पाठवल्या, आणि पृथ्वीवरचे डॉक्टर सांगतील तसा सोनोग्राफीचा प्रोब त्या अंतराळवीरानेच स्वतःच्या मानेवर फिरवला. २०२० साली ही हकिकत छापून आली. मिळवून वाच.

व्यायामाचं तुला ठाऊकच आहे. व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्के घटते, कॅल्शियम लघवीवाटे जातं, मूतखड्याची भीती वाढते. म्हणून रोज दोनेक तास. पण वेळापत्रकातली 'झाला' ही खूण पाहून समाधान मानू नकोस. ट्रेडमिलवर माणसाला खाली ओढून धरणारे पट्टे खांद्यांना आणि कमरेला काचतात. ज्याला ते काचतात तो भार कमी करून पळतो, आणि खूण तीच होते. खांद्यावर वळ आहे का, ते विचार.

झोपेसाठी साडेआठ तास राखलेले असतात, प्रत्यक्षात सरासरी सहाच्या आसपास मिळते. कमी झोपलेल्याला आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं. तिथे त्याच्या मतापेक्षा प्रतिक्रियेचा वेग मोजणाऱ्या चाचणीवर भरवसा ठेव.

स्थानकावरच्या प्रत्येकाचं आठवड्यातून एकदा आपल्या डॉक्टरशी खासगी बोलणं होतं. मंगळाच्या वाटेवर ते तसं जमायचं नाही. संदेशाला एका बाजूनेच २२ मिनिटांपर्यंत लागतील. 'प्रोब जरा डावीकडे घे' म्हणून भागणार नाही. डॉक्टर चमूतच हवा, असं माझं ठाम मत आहे. रशियन अंतराळवीर वालेरी पोल्याकोव्ह डॉक्टर होते. मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस काढून १९९५ मध्ये उतरले तेव्हा यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. (चमूतला डॉक्टर स्वतःचं दुखणं कुणाला सांगणार, हा प्रश्न मला सुटलेला नाही. तू लक्ष घाल.) आणखी एक: उपचार करणारा आणि उड्डाणाला परवानगी देणारा माणूस एकच नसावा. हे जिथे ठरत असेल तिथे आग्रहाने मांड.

आता एक काम. पलंगाचे पायांकडचे खूर उंच कर. दोन मीटर लांबीला २१ सेंटिमीटर उचललं की ६ अंश होतात. उशी न घेता एक रात्र झोप. नाक चोंदेल, चेहरा जड होईल, पाठही बोलेल. सकाळी जे जे वाटलं ते लिहून मला पाठव. लिहिताना एखादी ओळ गाळावीशी वाटली, तर ती सगळ्यात वर लिही.

कळावे.