स्की ऑप्शनल असेल तर ती स्कीची ट्रिप नाहीच

प्रश्न : आम्ही कोथरूडचे, आम्ही दोघं आणि मुलं दोन, मुलगी १३ ची आणि मुलगा ९ चा. यंदा गुलमर्गला जाऊन स्की शिकायचं असं घरात ठरलंय, म्हणजे मुलांनी ठरवलंय आणि आम्ही हो म्हणून बसलोय. ट्रॅव्हलवाल्याने नाताळच्या सुट्टीतलं पॅकेज दिलं त्यात एकदम भारी हॉटेल आहे, शिकारा आहे, मुघल गार्डन आहे, आणि स्कीच्या पुढे ‘ऑप्शनल’ लिहिलंय! आकडा ऐकून यांनी चहाचा कप खाली ठेवला. खाली टंगमर्गला राहून रोज वर गेलं तर स्वस्त पडेल का? की नादच सोडावा?

उत्तर : ताई, नाद सोडू नका, पॅकेज सोडा. काश्मीर दर्शन करायला काहीच हरकत नाही पण मुलांना तुम्ही वचन वेगळं दिलंय ना.

पहिलं म्हणजे नाताळ आणि थर्टी फर्स्ट विसरा. तेव्हा खोल्यांचे भाव आभाळाला टेकलेले असतात आणि बर्फाचा भरवसा त्या मानाने कमी. तिकडे २१ डिसेंबरला चिल्ले कलां सुरू होतो, चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी, आणि बर्फ साधारण त्या काळात साठत जातो. तरी २०२४ च्या जानेवारीत महिना संपत आला तोवर गुलमर्गचं मैदान उघडंच होतं, लोक पैसे भरून पिवळं गवत बघून आले. म्हणून फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा धरा आणि तोही सोमवार ते शुक्रवार. शाळा बुडेल, हो, बुडू दे, मुलीची दहावीची भानगड सुरू व्हायच्या आधी हे उरकून घ्या, नंतर दोन-तीन वर्षं घरात टीव्ही लावायची चोरी असते. फक्त बुकिंगआधी खेलो इंडियाच्या विंटर गेम्सच्या तारखा बघा, २०२० पासून ते गुलमर्गला होतात, बऱ्याचदा फेब्रुवारीतच, आणि त्या दिवसांत स्वस्त खोल्या आधी भरतात.

आता टंगमर्ग. गुलमर्गपासून १३-१४ किलोमीटर खाली, खोल्या स्वस्त, हे खरंय. पण रात्री बर्फ पडला की सकाळी साधी टॅक्सी वर जात नाही, टायरला चेन लावलेली गाडी घ्यावी लागते, ती रोज जायची-यायची, शिवाय मुलांना उठवून, आवरून, वर पोचून, बूट चढवेपर्यंत सकाळ गेलीच, आणि शिकायला सकाळच चांगली. वाचवलेले पैसे गाडीवाल्याच्या खिशात जातात. माझं मत विचाराल तर राहा गुलमर्गलाच पण साध्या गेस्ट हाउसमध्ये, आणि बुक करताना फोटोतला व्ह्यू बघत बसू नका, फोन करून विचारा की खोलीत बुखारी, म्हणजे तिकडची शेगडी, आहे की नुसता ब्लोअर, लाइट गेली तर जनरेटर रात्री किती वाजेपर्यंत चालतो, आणि गरम पाणी नळाला येतं की बादलीने. ज्याला या प्रश्नांचा राग येतो तिथे राहू नका.

भारी हॉटेलचा शौक राहिलाच असेल तर तिथे एक दुपार घालवा. बाहेरच्यांना जेवायला घेतात का ते आधी विचारून घ्या, मस्त काचेशी बसून वाझवान, म्हणजे काश्मिरी शाही जेवण, खा, फोटो काढा. रात्री तुम्ही नाहीतरी आठला झोपणार आहात, स्कीच्या पहिल्या दिवसानंतर कोणीही झोपतं, मग त्या झोपेसाठी एवढे पैसे कशाला?

ते पैसे इन्स्ट्रक्टरवर घाला. यूट्यूब बघून, नाहीतर ‘चला मी शिकवतो’ म्हणत मागे लागणाऱ्या कोणाकडूनही शिकू नका, पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेला माणूस घ्या, चौघांना मिळून एकच पुरतो, आणि सलग तीन सकाळी तोच ठेवा. रोज नवा माणूस आला की रोज पहिल्यापासून सुरुवात. स्की-बूट-पोलचं भाडं, हेल्मेटचं भाडं, इन्स्ट्रक्टरचे पैसे आणि लिफ्टचे पैसे हे सगळे वेगवेगळे आकडे असतात, ते आदल्या संध्याकाळीच बोलून घ्या, बर्फात उभं राहून घासाघीस करायला आपल्याला जमत नाही, दात वाजत असतात.

गोंडोलाचं, म्हणजे केबल कारचं, पण ऐका, इथे भरपूर पैसे उगाच जातात. पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवटवर, जवळपास ३,९८० मीटर. शिकाऊ माणसाचं त्या वरच्या उतारावर स्की घेऊन काहीही काम नाही, तो मुरलेल्या लोकांचा डोंगर आहे, हिमकडे कोसळतात, वारा सुटला की लिफ्टच बंद ठेवतात. तुम्ही शिकणार खाली मैदानातल्या बेबी स्लोपवर, आणि तिथे गोंडोलाचं तिकीट लागतच नाही, लहानशी ड्रॅग लिफ्ट, म्हणजे धरून वर ओढत नेणारी दोरी, असते नाहीतर सरळ पायी चढायचं. गोंडोलाने एकदा मजा म्हणून जा, तिकीट ऑनलाइन आधीच काढा, ऐनवेळी ‘मी काढून देतो’ म्हणणाऱ्यांना हात जोडा.

पहिल्या सकाळी काय होतं ते सांगून ठेवते म्हणजे मुलं रडणार नाहीत. बूट प्लास्टिकचा आणि कडक, बकल लावली की नडगी पुढे दाबली जाते आणि माणूस रोबोसारखा चालायला लागतो. बूट घट्टच हवा, बोटं हलली पाहिजेत पण टाच उचलली नाही गेली पाहिजे, आणि आत मोजा एकच, थंडी वाजेल म्हणून दोन घातले की रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात. मग टाच स्कीवर दाबली की खट्ट आवाज येतो. त्यानंतरचा तासभर आडवं चढणं आणि पडून उठणं. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून ब्रेक लावायचा, त्याला सगळे पिझ्झा म्हणतात, मुलं पाच मिनिटांत शिकतात आणि आपण मागे झुकत राहतो. मागे झुकलं की पडणार, हे पाटीवर लिहून घ्या. महिनाभर आधी हनुमान टेकडी किंवा तळजाई सुरू करा, जमलं तर सिंहगड, आणि उतरताना घाई न करता उतरा, कारण स्कीत मांड्या भरून येतात त्या अशाच.

कपडे विकत घेऊ नका. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही. थर्मल, त्यावर फ्लीस, आणि त्यावर आपण टू-व्हीलरवर पावसात घालतो ती रेनपँट, पुण्यात ती प्रत्येक घरात आहेच! ग्लोव्हज मात्र चांगले वॉटरप्रूफ घ्या, गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून ऊन उलटं येतं आणि नाक सोलवटतं. टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने देणारे गाडी थांबवतात, गमबूट फिरायला ठीक आहेत, स्कीचे बूट वर वेगळे मिळतात.

जायचं कसं, तर विमानाने, बहुतेक दिल्लीला बदलून, मंगळवार-बुधवार बघा. झेलम एक्स्प्रेसने जम्मू आणि पुढे कटरा-श्रीनगर वंदे भारत, ती जून २०२५ ला सुरू झालीये, असंही होतं आणि चिनाबचा पूल बघायला मिळतो, पण जम्मूपर्यंतच दोन रात्री जातात, मुलांची शाळा बघता मी नाही सुचवणार. प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, एक तरी पोस्टपेड ठेवा. आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर आजी-आजोबा काळजी करत असतील तर त्यांचं चूक नाही, घरात बोलून ठरवा आणि बुकिंग कॅन्सल होणारंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.

प्रश्न : औंधला राहतो, आयटीत आहे, चार मित्र मिळून स्वित्झर्लंडला झरमॅटला स्कीला जायचं म्हणतोय. बजेट टाइट आहे. काही जुगाड?

उत्तर : जुगाड आहे पण मर्यादित. झरमॅटच्या गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, सगळे खाली टॅशला गाडी लावून रेल्वेने वर जातात, बाराएक मिनिटांचा प्रवास. टॅशला स्वयंपाकघरवाला फ्लॅट घ्या, सुपरमार्केटमधून सामान आणून पोहे-खिचडी करा, नळाचं पाणी प्या. नवीन वर्षाची गर्दी ओसरली की साधारण ७-८ जानेवारीपासून महिनाअखेरपर्यंत भाव उतरतात, फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागतात तेव्हा परत चढतात. म्हणजे गुलमर्गच्या बरोबर उलटं. शेंगेन व्हिसाची फीच मोठ्या माणसाला ९० युरो आहे, तीही बजेटमध्ये धरा, आणि इन्शुरन्स घेताना विंटर स्पोर्ट्स कव्हर आहे का ते वाचा, साध्या पॉलिसीत बऱ्याचदा नसतं, आणि तिकडे पाय मोडून हेलिकॉप्टर आलं तर चौघांचे मिळून पैसे पुरणार नाहीत.

पण चौघांपैकी कोणीच आधी स्की केलं नसेल तर खरं सांगू का, झरमॅट वाया जाईल. अल्माटीला जा, कझाकस्तान. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही (निघायच्या आधी नियम परत बघा), दिल्लीहून थेट विमान आहे, आणि शिमबुलाक हा तिकडचा पॉश स्की रिसॉर्ट शहराला लागूनच. शहरात साध्या हॉटेलात राहायचं, सकाळी सिटी बसने मेदेओच्या स्केटिंग रिंकपर्यंत जायचं, तिथून गोंडोला थेट रिसॉर्टच्या दारात, २,२६० मीटरवर. रिसॉर्टमध्ये एकही रात्र न काढता अख्खा रिसॉर्ट वापरायचा. शाकाहारी मित्र असेल तर थेपले न्या, घोड्याचं मांस तिकडे आवडीने खातात.

प्रश्न : सहकारनगरहून लिहितो. वय ६८, गुडघे बरे नाहीत. सौ. ला फक्त बर्फ बघायचा आहे. मुलं म्हणतात बाबा तुम्ही पण स्की करा. करावं का?

उत्तर : काका, नाही. गुडघा पिरगळणं हीच स्कीतली नेहमीची दुखापत. काकूंना घेऊन गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जा, कोंगडोरीला गरम कहावा घ्या, बर्फ तिथे हवा तेवढा. दुसऱ्या टप्प्यावर हवा विरळ आहे, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका. स्लेजवर बसायची हौस काकूंना झालीच तर भाव आधी ठरवा, आणि जाणं-येणं दोन्हीचा ठरवा, नाहीतर परत यायचे वेगळे मागतात.