टोपली उचलली, तर आधी यादी मागा

प्रश्न : माझ्या सासूबाई २२ वर्षं स्टेशनबाहेर मासळी विकतात. गेल्या महिन्यात पालिकेची गाडी आली आणि दोन्ही टोपल्या घेऊन गेली. कागद काही दिला नाही. दुसऱ्या दिवशी दंड भरल्यावर टोपल्या मिळाल्या, पण कोळंबी काळी पडली होती, पापलेटं फेकावी लागली. माल उधारीवर उचललेला. आता काय करायचं?
– एक सून, ठाणे जिल्हा

उत्तर : ताई, माझी आईही भाऊच्या धक्क्यावरून पहाटे माल आणून रस्त्यावर बसायची. तिचीही टोपली एकदा अशीच गेली होती. परत आली तेव्हा बर्फाचं नुसतं पाणी झालेलं. आईने एकेक बोंबील बोटाने दाबून पाहिला आणि काही न बोलता सगळे गटारात ओतले. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही. तेव्हा आमच्या हाती कायदा नव्हता. तुमच्या हाती आहे.

२०१४चा फेरीवाला कायदा सांगतो की फेरीवाल्यांचं सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. जागा सोडायला लावायची तर ३० दिवसांची नोटीस हवी. आणि माल जप्त केलाच, तर जप्त मालाची सहीनिशी यादी विक्रेत्याच्या हातात द्यायची. नाशवंत माल तर मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा. मासळीहून नाशवंत काय असतं? म्हणून गाडी आली की भांडणात वेळ घालवू नका. यादी मागा, फोटो काढा, त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

तुमच्याकडे सर्वेक्षण झालंय का, सासूबाईंचं नाव त्यात आहे का, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन बघा. फेरीवाल्यांचे प्रश्न पाहणाऱ्या नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. त्यांतली एक गाठा. एकटीने जाऊ नका, शेजारच्या चार जणींना घेऊन जा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. सासूबाई दुपारपर्यंत पाणी पितात का? आई प्यायची नाही, कारण जवळपास शौचालयच नव्हतं. पुढे लघवीच्या जळजळीने ती वर्षानुवर्षं बेजार झाली. अर्जात शौचालयाची मागणीही घाला.

दंडाची पावती मात्र जपून ठेवा. तिच्यावर तारीख आहे. टोपल्या सोडल्या कधी, हे तिच्यावरून दाखवता येईल.